पुण्याभोंवतीं सायकलीचा एक फेरा

शेतकऱ्यांच्या मासिकांत सायकलीवरील सहलीचें वर्णन कशासाठीं, अशी शंका कित्येक वाचकांस येईल व ती अगदींच अवास्तव आहे असें नाहीं. सायकल, किंवा आपल्या वडिलांच्या भाषेंत पायगाडी, ही दुधाच्या किटल्या शहरांत पोंचविण्यासाठीं व मुलांस शाळेंत जाण्यासाठीं खेड्यांतील मनुष्यास पूर्वीपासून परिचित आहे. परंतु सुटीच्या दिवशीं पहांटे उठून, कांहींएक काम नसतां, नव्वद-शंभर किलोमीटर पाय मारीत डोंगर चढावयाचे व पुन्हां घरीं यावयाचें, हा उद्योग त्यास वेडेपणाचा वाटतो. आमच्याच एका वृद्ध सभासदांनीं "निघालांत तेथेंच परत आलांत, मग गेलांत कशाला?" असा प्रश्न आम्हांस केला. प्रश्न विनोदानें केलेला असला तरी उत्तर देण्याजोगा आहे, आणि प्रस्तुत लेख म्हणजे त्याचेंच उत्तर होय.

पुणें शहर एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जात असे. कारखान्यांतील कामगार, कॉलेजांतील विद्यार्थी, कचेरींतील कारकून, या सर्वांचें वाहन तेंच होतें. पुढें फटफट्या व मोटारी वाढल्या आणि सायकल मागें पडली. अलीकडे मात्र ती निराळ्या रूपानें परत आली आहे. आतां तिला गिअर असतात, ती वजनानें हलकी असते, व तिच्यावर बसणारा मनुष्य बहुधा आठवडाभर खुर्चींत बसून काम करणारा असून व्यायामासाठीं व मोकळ्या हवेसाठीं शहराबाहेर पडतो. रविवारीं पहांटे दिवे घाटाच्या पायथ्याशीं उभें राहिल्यास अशा स्वारांच्या रांगा दृष्टीस पडतात. हे लोक आपल्या बांधावरून जातात, आपल्या गांवीं चहा पितात व निघून जातात. ते आपलें पीक पाहतात काय, आणि आपण त्यांस तें दाखवितों काय, हें विचार करण्यासारखें आहे. त्या निमित्तानें एका मोठ्या प्रश्नाकडेहि वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे: शहराजवळ जमीन असणें हें शेतकऱ्याचें भाग्य कीं दुर्दैव?

मार्ग

गेल्या कार्तिकांत, दिवाळीची गडबड संपल्यावर, आम्ही दोघे जण हा फेरा करण्यास निघालों. सोबतचे स्नेही शहरांत नोकरी करणारे असून त्यांचा शेतीशीं संबंध मंडईच्या पिशवीपुरताच होता. मार्ग असा: पुण्याहून हडपसर, फुरसुंगी, उरुळी देवाची व वडकी या गांवांवरून दिवे घाट चढून सासवड, सासवडाहून पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याचें नारायणपूर, तेथून केतकावळ्यावरून कापूरहोळ, आणि कापूरहोळाहून खेड-शिवापूर व कात्रजचा जुना घाट यांवरून परत पुणें. पुण्यापासून सासवड सुमारें ३० किलोमीटर आहे, सासवड ते कापूरहोळ सुमारें २५, आणि तेथून शहर सुमारें ४०. म्हणजे एकंदर फेरा नव्वद ते शंभर किलोमीटरांचा होतो. ज्यांस एवढा झेपणार नाहीं त्यांनीं सासवडाहून चांबळी, भिवरी या गांवांवरून बोपदेव घाटानें कोंढव्यास उतरावें. तो फेरा साठ किलोमीटरांच्या आसपास भरतो.

देवास प्रदक्षिणा घालतांना मूर्ति उजव्या हातास ठेवितात; त्याप्रमाणें या फेऱ्यांत शहर सर्वकाळ उजव्या हातास राहतें. उलट दिशेनेंहि जातां येईल, परंतु तसें करूं नये. दिवे घाट उन्हें तापण्यापूर्वीं चढावा हें एक कारण; दुसरें असें कीं, घाटमाथ्यावरील बागाईतदार अंजिराची तोड पहांटे करतो व त्याचा माल लवकरच बाजारास जातो. जो उशिरां पोंचतो त्यास बाग दिसते, पण फळ दिसत नाहीं.

हडपसर ते वडकी

पहिले पंधरा-वीस किलोमीटर सायकलस्वारास कंटाळवाणे वाटतात. दोहों बाजूंस इमारती, रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ व हवेंत धूळ. परंतु शेतकऱ्यानें या भागाकडे दुर्लक्ष करून चालणार नाहीं, कारण आज जें हडपसरचें झालें तें उद्यां पुढील गांवांचें होणार आहे. हडपसर व मांजरी हा मुठेच्या कालव्याखालील भाजीपाल्याचा व ऊंसाचा मुलूख होता. शहर वाढूं लागतांच जमिनी एकेक करून विकल्या जाऊं लागल्या. येथें एक अपवादात्मक गोष्ट घडली, ती आपल्या वर्गानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मगरपट्ट्यांतील सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं आपली सुमारें ४०० एकर जमीन तुकड्यातुकड्यांनीं न विकतां एकत्र केली आणि २००० सालच्या सुमारास स्वतःच तेथें नगर वसविण्यास आरंभ केला. जमिनीच्या प्रमाणांत प्रत्येकास त्या उद्योगांत भाग मिळाला. शेती तेथेंहि गेलीच. पण शेतकरी रिकाम्या हातानें उठला नाहीं.

त्यापुढील फुरसुंगी हें नांव महाराष्ट्रांतील प्रत्येक कांदा उत्पादकाच्या तोंडीं आहे. रबी हंगामांत लावला जाणारा, फिकट तांबूस रंगाचा व चाळींत टिकणारा फुरसुंगी कांदा दूरदूरच्या जिल्ह्यांत पेरला जातो. आम्ही गेलों तेव्हां ठिकठिकाणीं या कांद्याचीं रोपें वाफ्यांत उभीं राहण्याचे दिवस होते. परंतु ज्या गांवानें त्यास नांव दिलें तेथें मोठ्या रस्त्यानें जातांना कांद्याचा एकहि वाफा आमच्या दृष्टीस पडला नाहीं. बियाणें गांवाबाहेर पडून मोठें झालें, आणि गांव मात्र शहराच्या पोटांत गेलें.

शेजारच्या उरुळी देवाची येथें पुणें शहराचा कचरा १९८१ सालापासून येऊं लागला. उघड्यावर सांठलेल्या ढिगांतून झिरपणारें काळें पाणी विहिरींत उतरलें, दुर्गंधि व माशा यांनीं लोक त्रस्त झाले, आणि त्यांनीं वेळोवेळीं कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. पुढें कचऱ्यावर प्रक्रिया करण्याचे व जुने ढीग झांकण्याचे उपाय झाले. तथापि बिघडलेली विहीर सुधारण्यास किती पावसाळे जावे लागतात हें ज्याच्या मळ्यांत ती आहे त्यासच ठाऊक. फुरसुंगी व उरुळी हीं गांवें २०१७ सालीं महापालिकेंत घेतलीं गेलीं व २०२४ सालीं त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यांत आली. शहर भाजी व दूध नेतें आणि मोबदल्यांत काय पाठवितें, याचा हा पहिला धडा फेऱ्याच्या पहिल्या तासांतच मिळतो.

दिवे घाट

वडकीच्या पुढें घाटाची चढण लागते. घाटाच्या कुशींत पेशवाईंतील मस्तानी तलाव आहे. चढ सुमारें चार-पांच किलोमीटरांचा असून अंगावर येणारा नाहीं; हलक्या गिअरवर, घाई न करतां, एका लयींत पाय मारीत राहिल्यास साधारण प्रकृतीचा मनुष्यहि न उतरतां माथ्यास पोंचतो. आषाढाच्या तोंडावर श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी हाच घाट चढून सासवडास जाते, व लाखों वारकरी ही वाट पायीं चालतात. अलीकडे पालखीमार्गाच्या रुंदीकरणाचें काम या घाटांत हातीं घेण्यांत आलें आहे. म्हणून स्वारांनीं कडेनें, एकामागें एक असें चालावें व मागून येणाऱ्या मोटारींचें भान ठेवावें.

निम्म्या घाटांत क्षणभर थांबून मागें पाहावें. खालीं शहर एखाद्या सांडलेल्या खडीच्या ढिगाप्रमाणें पसरलेलें दिसतें व त्याची कड दर वर्षीं पुढें सरकते. आमचे स्नेही म्हणाले, "मी या शहरांत तीस वर्षें राहतों, पण तें एवढें मोठें असेल असें वाटलें नव्हतें." मोटारींतून जाणाऱ्यास हें दिसत नाहीं, कारण तो घाट दहा मिनिटांत चढतो. सायकलीचा हाच गुण आहे. ती चालणाऱ्याइतकी संथ नाहीं कीं दिवस पुरूं नये, व मोटारीइतकी वेगवान् नाहीं कीं शेतांतील पीक ओळखूं येऊं नये.

फळांचा मुलूख

घाटमाथ्यावर येतांच हवा पालटते. पुण्याहून येथली भूमि सुमारें दोनशें मीटर उंच आहे. जमीन हलकी, मुरमाड व निचऱ्याची; हवा कोरडी व रात्रीं थंड. दिवे, सोनोरी, गुऱ्होळी, वाघापूर, सिंगापूर या गांवांत अंजीर व सीताफळ यांच्या बागा आहेत. हीं दोन्हीं झाडें काळ्या चिकट जमिनींत नाराज होतात व मुरमांत मनापासून येतात. सीताफळ तर इतकें काटक कीं उन्हाळ्यांत पानें गाळून स्वस्थ राहतें, आणि शेळ्याहि त्याच्या पाल्यास तोंड लावीत नाहींत. अंजिराचे येथें दोन बहार धरतात. खट्टा बहार पावसाळ्यांत धरला म्हणजे फळ हिवाळ्यांत येतें, आणि पावसाळ्याच्या अखेरीस धरलेला मीठा बहार उन्हाळ्याच्या तोंडीं हातीं येतो. नांवाप्रमाणेंच दुसऱ्याची गोडी अधिक. पुरंदरच्या अंजिरास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. राहुरीच्या कृषि विद्यापीठाचें अंजीर व सीताफळ संशोधन केंद्र याच तालुक्यांत जाधववाडी येथें असून 'फुले राजेवाडी' हें अंजीर व 'फुले पुरंदर' हें सीताफळ हे वाण विद्यापीठानें दिलेले आहेत.

रस्त्याच्या कडेस एका बागेंत तोड चालू होती, म्हणून आम्ही सायकली बांधास टेकून आंत गेलों. मालक सत्तरीचे गृहस्थ, डोक्यास मुंडासें. त्यांची सून व दोन मजूर बाया चीक लागूं नये म्हणून बोटांस चिंध्या गुंडाळून फळ खुडीत होत्या. अंजिराच्या देंठांतून जो पांढरा चीक निघतो त्यानें कातडी सोलवटते. खुडलेलीं फळें अंजिराच्याच पानांच्या थरावर पाट्यांत नीट मांडलीं जात होतीं. तीं पाहून आमचे स्नेही म्हणाले कीं, शहरांतहि अंजीर अशाच रंगाचें असतें, पण गोडीला मात्र पाणचट लागतें. मालक हंसले. त्यांनीं झाडाच्या शेंड्यावरचें, देंठाशीं मान टाकलेलें, अंगावर चिरा पडलेलें एक फळ काढून त्यांच्या हातावर ठेविलें व म्हणाले, "पाव्हणं, झाडावर पिकलेलं अंजीर मार्केटला जात न्हाई. ते जागच्या जागीच खायाचं. मार्केटला जातं ते आधी खुडलेलं." स्नेह्यांनीं तें फळ खाल्लें, व कांहीं वेळ ते कांहींच बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "बाबा, हें विकत मिळेल काय?" मालक म्हणाले, "आजवर कुणी इचारलंच न्हाई."

हें एक वाक्य आम्हीं दिवसभर मनांत घोळविलें. त्या रस्त्यानें दर रविवारीं इतके स्वार जातात, आणि बागाईतदारास वाटतें कीं यांस आपलें फळ नको. स्वारांस वाटतें कीं बागेंत फळ किरकोळ मिळत नसेल. दोघांच्या मध्यें बांधाएवढेंच अंतर आहे.

येथें थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे, कारण सर्व मुद्द्याचा पाया तेंच आहे. अंजीर खुडल्यानंतर आणखी गोड होत नाहीं. झाडावर जेवढी साखर भरली तेवढीच. परंतु पूर्ण पिकलेलें फळ इतकें मऊ असतें कीं तें एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाहीं व वाहतुकीचा धक्का सोसत नाहीं. म्हणून दूरच्या बाजारासाठीं तें थोडें आधीं खुडावें लागतें, म्हणजेच गोडी कमी करून टिकाऊपणा विकत घ्यावा लागतो. सीताफळाची गोष्ट निराळी, तरी निष्कर्ष एकच. त्याचे डोळे उघडून मधल्या रेषा पिंवळसर पडल्या कीं तें काढतात. त्यानंतर चार-पांच दिवसांत तें पिकतें व लगेच खराबहि होतें. तिसरें या तालुक्याचें प्रसिद्ध पीक म्हणजे पावसाळी वाटाणा. बाकीच्या मुलुखांत वाटाणा हिवाळ्यांत येतो. येथील थंड हवेमुळें तो पावसाळ्यांतच शेंगांस येतो व म्हणून त्यास चांगला भाव मिळतो. पण हिरव्या शेंगेंतील साखर तोडल्या क्षणापासून पिठाळ होऊं लागते, आणि सकाळची शेंग संध्याकाळीं तितकी गोड राहत नाहीं. तात्पर्य, पुरंदरचीं हीं तीनहि पिकें अशीं आहेत कीं ज्याचें बाजाराशीं अंतर कमी त्याचा माल उत्तम. शहराजवळ असण्याचा खरा फायदा कोणता, हें निसर्गानेंच या मुलुखास फळाच्या रूपानें सांगून ठेविलें आहे.

सासवड व पाण्याचा प्रश्न

सासवड हें कऱ्हेच्या कांठचें जुनें गांव. येथें श्रीसोपानदेवांची समाधि आहे व त्यांची पालखी येथूनच पंढरीस निघते. आचार्य अत्रे याच भागांतील कोडीतचे. पूर्वेस थोडें आडवळणास असलेलें खानवडी हें महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचें गांव. १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या पुरुषाच्या गांवाचें नांव आज पुन्हां शेतजमिनीच्याच कारणानें ऐकूं येतें. पुरंदरांत विमानतळ करण्याचें २०१६ सालीं जाहीर झालें, व त्यासाठीं वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी व पारगांव या सात गांवांच्या जमिनी ठरविण्यांत आल्या. गांवकऱ्यांनीं वर्षानुवर्षें विरोध केला. २०२५ सालीं संपादनाची कारवाई नेटानें सुरू झाली. मोजणीच्या वेळीं संघर्ष झाला, आणि त्यानंतर पुष्कळांनीं संमतिपत्रेंहि दिलीं. ज्यानें दिली त्यास दोष देण्याचें कारण नाहीं, आणि ज्यानें नाकारली त्यास अडाणी म्हणण्याचेंहि नाहीं. मात्र बागेचें मूल्य ठरवितांना झाडें मोजतां येतात. तीं वाढविण्याचें कसब मोजतां येत नाहीं, ही गोष्ट सर्वांनींच ध्यानांत ठेवावी.

या तालुक्याचें दुसरें दुःख पाण्याचें. पुणें शहरास खडकवासला, पानशेत, वरसगांव व टेमघर या चार धरणांचें पाणी मिळतें. तें शहरांत वापरलें जातें, सांडपाणी होऊन मुळा-मुठेंत येतें, आणि तेंच नदीचें पाणी हवेली तालुक्यांत पंपांनीं उचलून डोंगरापलीकडे पुरंदर उपसा योजनेनें शेतास दिलें जातें. दुष्काळी मुलुखास तें आलें म्हणून पिकें वांचलीं, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु त्या पाण्यास येणारा फेंस व वास, जमिनींत वाढणारे क्षार व उतरणारी विहिरींची प्रत यांबद्दल शेतकरी तक्रार करतात, व ती रास्त आहे. शहरानें आपलें सांडपाणी पूर्ण शुद्ध करूनच नदींत सोडलें, तर त्याचा पहिला लाभ पुरंदरच्या शेतास होईल. गुंजवणी धरणाचें स्वच्छ पाणी बंद नळांतून या बाजूस आणण्याच्या योजनेचीहि लोक पुष्कळ वर्षें वाट पाहत आहेत.

पुरंदरच्या पायथ्याशीं

सासवड सोडून पश्चिमेस वळलें कीं समोर पुरंदर व वज्रगड ही जोडी दिसते. १६५७ सालीं संभाजीमहाराजांचा जन्म पुरंदरावर झाला व १६६५ सालचा प्रसिद्ध तह याच किल्ल्याच्या नांवानें ओळखला जातो. पायथ्याशीं नारायणपूर, तेथें नारायणेश्वराचें जुनें शिल्पयुक्त देवालय आहे व दत्तमंदिरास येणाऱ्या यात्रेकरूंची गर्दी असते.

परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीनें येथील मोठें नवल देवळांत नसून शेतांत आहे. सासवडाच्या पूर्वेस बाजरी व ज्वारी, सासवडापाशीं फळबागा, आणि नारायणपूर येऊं लागतांच खाचरांतील भात. वीस-पंचवीस किलोमीटरांत पीक इतकें पालटतें, कारण सह्याद्रीकडे सरकावें तसा पाऊस वाढत जातो. आम्ही गेलों तेव्हां कापणी ऐन रंगांत होती. कापलेलें भात खाचरांत पसरलेलें, बाया पेंढ्या बांधीत आहेत, पुरुष खळ्यावर झोडपणी करीत आहेत, आणि ताज्या पेंढ्याचा वास सर्वत्र दरवळत आहे. सायकलीवरून हा पालट अंगानें कळतो. पहांटे कोरडा असणारा वारा दुपारीं ओलसर लागतो. सकाळीं चाकाखालीं पांढरा मुरूम होता तेथें आतां तांबडी माती असते. पर्जन्यछाया म्हणजे काय हें शाळेंत नकाशावर शिकविण्यापेक्षां मुलांस एक दिवस या वाटेनें न्यावें.

येथें एका घरीं आम्ही भाकरी, पिठलें व मिरचीचा ठेचा असें जेवलों. घरधनिणीनें पैसे घेण्यास आधीं नकार दिला व फार आग्रह केल्यावर थोडे घेतले. ही आपल्या लोकांची रीत सुंदर आहे. पण पाहुणचार व व्यवसाय यांत भेद करण्यास आपण शिकलें पाहिजे. पाहुणा एखादे वेळीं येतो. रविवारीं येणारा स्वार हें गिऱ्हाईक आहे, व त्याला पैसे देण्यास संकोच नाहीं.

कापूरहोळाहून परत

केतकाव्ळ्याचें बालाजी मंदिर मागें टाकून उतार संपला कीं कापूरहोळास सातारा रस्ता लागतो. येथून पुढचा भाग फेऱ्यांतील सर्वांत कमी सुखाचा. महामार्गावर वेगवान् वाहनें असतात, म्हणून जेथें बाजूचा रस्ता आहे तेथें तोच धरावा. दोहों बाजूंस उपहारगृहें, गोदामें व बिनशेती भूखंडांच्या जाहिरातींचे फलक यांची रांग आहे. एका फलकावर हिरव्यागार भाताचें चित्र होतें व खालीं भूखंडाची किंमत. चित्रांतील भात ज्या खाचरांत होतें तेंच विकावयास काढलें असावें, असें आमच्या मनांत आलें.

शिंदेवाडीपाशीं महामार्ग सोडून कात्रजचा जुना घाट चढावा. नव्या बोगद्यांतून सायकल नेण्याचें धाडस करूं नये. जुना बोगदा ओलांडून उतारास लागलें कीं शहर पुन्हां दिसूं लागतें, व थोड्याच वेळांत कात्रजचा तलाव येतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं याच तलावाचें पाणी भुयारी नळांनीं शहरांतील हौदांत नेलें होतें. तेव्हां पुण्याची तहान एका तलावानें भागत होती. आज चार धरणें अपुरीं पडतात. संध्याकाळीं पांचाच्या सुमारास आम्ही घरीं पोंचलों.

जवळीक कशासाठीं

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. या फेऱ्यांतील प्रत्येक गांवास शहराची जवळीक लाभली आहे. ती जवळीक कचरा, सांडपाणी व जमिनीचा भाव या तीन रूपांनीं गांवांत न बोलावतां येते. जमिनीचा भाव हा तर दिसावयास लाभ. पण तो एकदांच मिळतो व तो मिळतांच शेतकरी शेतकरी राहत नाहीं. याच जवळिकीचें चौथें रूप म्हणजे ताज्या मालाचें गिऱ्हाईक. तें मात्र आपण होऊन येत नाहीं. त्यास बोलवावें लागतें. पहिलीं तीन रूपें आपण सोसलीं, व चौथ्याकडे पाहिलेंच नाहीं.

सायकलस्वारांच्या खरेदीनें कोणाचें कर्ज फिटेल किंवा बागांच्या जमिनी वांचतील, असा आमचा दावा नाहीं. एक स्वार फार तर किलोभर फळ नेईल. परंतु तो पहिला साक्षीदार आहे. ज्यानें झाडावरचें अंजीर खाल्लें तो पुढच्या खेपेस कुटुंब घेऊन येतो, शेजाऱ्यास सांगतो, आणि शहराच्या कचऱ्याची व पाण्याची गोष्ट निघाली असतां शेतकऱ्याच्या बाजूनें चार शब्द बोलतो. कायद्याचीहि अडचण आतां नाहीं. जुलै २०१६ मध्यें राज्य सरकारनें फळें व भाजीपाला यांची बाजार-समितीच्या आवाराबाहेरील विक्री नियमनमुक्त केली, व २०२० सालीं कृषि-पर्यटनाचें धोरणहि जाहीर केलें.

बागाईतदारांस सूचना

१. घाटमाथ्यावर स्वार विसांव्यास थांबतात. तेथें सांवली, पिण्याचें स्वच्छ पाणी, सायकल टेकण्यास आडवा बांबू व स्त्रियांसाठीं स्वच्छ शौचालय एवढी सोय असावी. गिऱ्हाईक आधीं सोयीसाठीं थांबतें, मग माल पाहतें.

२. विक्रीची वेळ सकाळीं सात ते अकरा. त्यानंतर स्वार नसतात.

३. जागच्या जागीं खाण्यासाठीं पूर्ण पिकलेलें फळ निराळें ठेवावें, व बरोबर नेण्यासाठीं किंचित् घट्ट फळ अर्धा किलोच्या कडक झांकणाच्या पेटींत द्यावें. पाठीवरच्या पिशवींत पाटी जात नाहीं व मऊ फळाचा लगदा होतो.

४. भाव, वाण व गांवाचें नांव पाटीवर स्वच्छ लिहावें. शेवटची फवारणी केव्हां केली हें विचारल्यास खरें सांगावें. तांबेऱ्यासाठीं औषध मारलें असेल तर ठराविक दिवस जाण्यापूर्वीं तें झाड तोडूं नये.

५. प्रत्येकानें निरनिराळें दुकान मांडण्यापेक्षां पांच-सहा जणांनीं पाळीपाळीनें एकच मांडावें. माल कमी पडत नाहीं व भावांत चढाओढ होत नाहीं.

स्वारांस विनंती

कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस या फेऱ्यास उत्तम; पावसाळ्यांत घाट निसरडे असतात. सूर्योदयापूर्वीं निघावें, पुढें-मागें दिवा असावा, निघण्याआधीं ब्रेक तपासावे, आणि पंक्चर काढण्याचें साहित्य, हवेचा पंप व दोन बाटल्या पाणी जवळ ठेवावें. उभ्या पिकांत शिरूं नये, विचारल्याशिवाय फळास हात लावूं नये, आणि कागद व बाटल्या बांधावर टाकूं नयेत. शहराचा पुष्कळ कचरा आधींच या बाजूस आलेला आहे.

आमच्या वृद्ध सभासदांच्या प्रश्नाचें उत्तर एवढेंच कीं, निघालों तेथेंच परत आलों हें खरें, पण आमचे स्नेही परत आले तेव्हां त्यांच्या पिशवींत अंजिराची पेटी होती व खिशांत त्या बागेच्या मालकांचा पत्ता होता. माघ-फाल्गुनांत मीठ्या बहाराचीं फळें तोडीस येतील. तोंवर या मार्गावरील चार सभासदांनीं जरी वर सांगितल्याप्रमाणें एक दुकान मांडून पाहिलें व त्याचा जमाखर्च या मासिकाकडे धाडला, तर तो आम्ही आनंदानें छापूं. नफा झाला तरी, आणि तोटा झाला तरीहि.